आजी, महिना कोणता चालू आहे?

गेल्या वर्षी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभी होते. पुढच्या काकू वळून म्हणाल्या, "तू इमर्जन्सीतली नर्स ना गं? आमचे व्याही-विहीणबाई नोव्हेंबरात येताहेत. दोघांनाही बीपी आहे. ते स्ट्रोक का काय म्हणतात, तो ओळखायचा कसा, एकदा नीट सांग बाई." चकल्यांच्या ताटापर्यंत पोचेस्तोवर मी त्यांना जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. मागे उभ्या असलेल्या संपादकांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "हे रांगेत सांगून संपणारं नाही, लिहूनच द्या." म्हणून हा लेख.

सिनसिनाटीच्या परिसरातल्या एका रुग्णालयात मी एकोणीस वर्षं इमर्जन्सी विभागात नर्स आहे. माहेर सांगली जिल्ह्यातलं, नर्सिंग शिकले मिरजेला. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-चारदा तरी आमच्याकडे स्ट्रोकचा पेशंट येतो. आल्या आल्या आम्ही त्याची एक तोंडी परीक्षा घेतो आणि गुण देतो. या परीक्षेत गुण जितके जास्त तितका पेशंट वाईट. या परीक्षेला स्केल म्हणतात. ती फार उपयोगाची आहे, आणि तिच्यात एक फट आहे. त्या फटीतून आपलीच माणसं निसटण्याची शक्यता जास्त, हे मला एका दुपारी कळलं. ते सांगण्याआधी थोडं मागे जाते.

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं

माझे आजोबा, अण्णा, १९८६ साली संध्याकाळी गोठ्यातून आले आणि ओसरीवर बसता बसता कलंडले. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबायला लागला. "वारं गेलं अंगावरून," शेजारच्या म्हातारबा म्हणाले. आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, चुलत्यांनी गरम तेलानं हातपाय चोळले. डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांनी बीपी पाहिलं आणि म्हणाले, "आता वाट बघायची."

पुढे नर्स झाल्यावर त्या रात्रीबद्दल मला घरच्यांचा राग यायचा. आता येत नाही. कारण १९८६ साली सांगलीतच काय, अमेरिकेतसुद्धा डॉक्टरांनी बहुतेक हेच सांगितलं असतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर ती विरघळवण्याचं मान्यताप्राप्त औषध तेव्हा नव्हतं. अण्णा किती वाजता पडले हे कुणी घड्याळात पाहिलं नाही, कारण त्या वेळेचा काही उपयोगच नव्हता. अण्णा पुढे नऊ वर्षं ओसरीवरच्या खाटेवर काढून गेले. बोलणं शेवटपर्यंत परत आलं नाही.

आपल्याच गावातलं मोजमाप

आपण ज्या गावात राहतो, त्या गावाचा या गोष्टीत मोठा वाटा आहे, हे मंडळातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. १९८९ साली डॉ. थॉमस ब्रॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रोकची तीव्रता मोजण्याची एक पट्टी प्रसिद्ध केली. ब्रॉट तेव्हा सिनसिनाटी विद्यापीठात होते. हीच पट्टी आज एनआयएच स्ट्रोक स्केल म्हणून जगभर वापरतात. नव्या औषधाची चाचणी घ्यायची, तर दहा रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी पेशंट एकाच मापानं मोजायला हवा. एकानं "बराच अशक्त" लिहायचं आणि दुसऱ्यानं "फारसं काही नाही", असं चालत नाही. ही त्यामागची गरज.

ती चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. ६२४ पेशंट होते. स्ट्रोक सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत टीपीए हे गुठळी विरघळवणारं औषध दिलेल्यांपैकी तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण सावरलेल्यांचं प्रमाण, औषध न दिलेल्यांपेक्षा निदान ३० टक्क्यांनी जास्त होतं. त्याची किंमतही होती. औषध दिलेल्या शंभरातल्या सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होऊन त्रास वाढला. औषध न दिलेल्यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं. १९९६ साली या औषधाला मान्यता मिळाली. पुढे २००८ साली ही मुदत काही पेशंटांसाठी साडेचार तासांपर्यंत वाढवता येते असं दिसलं.

त्या दिवसापासून घड्याळ महत्त्वाचं झालं. मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा हिशोब २००६ साली एका अमेरिकन मेंदूतज्ज्ञानं मांडला. मग रुग्णालयात येईपर्यंत थांबून कसं चालेल? ॲम्ब्युलन्समधल्या माणसालाच स्ट्रोक ओळखता आला पाहिजे. पण एनआयएच स्केलमध्ये ११ भाग आहेत, धावत्या गाडीत ते कोण करणार? म्हणून सिनसिनाटीतच डॉ. रश्मी कोठारी आणि सहकाऱ्यांनी त्या मोठ्या पट्टीतून फक्त तीन गोष्टी निवडल्या. १९९७ आणि १९९९ साली ते काम प्रसिद्ध झालं. त्याला सिनसिनाटी प्रीहॉस्पिटल स्ट्रोक स्केल म्हणतात, आणि देशभरातले पॅरामेडिक ते शिकतात.

त्या तीन गोष्टी अशा. हसायला किंवा दात दाखवायला सांगायचं. तोंडाची एक बाजू मागे राहते का? डोळे मिटून दोन्ही हात समोर दहा सेकंद धरायला सांगायचं. एक हात खाली घसरतो का? आणि एक सोपं वाक्य म्हणायला सांगायचं. शब्द जड येतात का, चुकतात का, की येतच नाहीत? मूळ वाक्य आपल्या गावाचंच आहे: "सिनसिनाटीत आकाश निळं आहे." (नोव्हेंबर ते मार्च हे वाक्य साफ खोटं असतं, तो भाग वेगळा.) तिन्हींपैकी एक जरी बिघडलेलं असेल, तर स्ट्रोक असण्याची शक्यता ७२ टक्के, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या अभ्यासक्रमात आम्हाला शिकवतात.

आता आणखीही छोट्या पट्ट्या आल्या आहेत. लॉस एंजेलिसची एक पट्टी चेहरा, हात आणि मुठीची पकड यांना मिळून ० ते ५ गुण देते. ४ किंवा ५ आले तर मोठी रक्तवाहिनी तुंबली असण्याचा संशय घ्यायचा. हे कशासाठी? २०१५ साली एकापाठोपाठ पाच चाचण्यांनी दाखवून दिलं, की मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन मोठी गुठळी ओढून काढता येते आणि त्यानं माणूस खरोखर सावरतो. निवडक पेशंटांत हे २४ तासांपर्यंतही करता येतं, हे २०१८पर्यंत सिद्ध झालं. पण ही सोय प्रत्येक रुग्णालयात नसते. गाडी जवळच्या रुग्णालयात न्यायची की वीस मिनिटं लांबच्या मोठ्या केंद्रात, हे ठरवायला रस्त्यावरच्या माणसाच्या हातात हा एक आकडा असतो.

बेचाळीस गुणांची तोंडी परीक्षा

रुग्णालयात आल्यावर मोठी पट्टी. शुद्ध, नजर, दिसण्याचा पल्ला, चेहरा, हात, पाय, तोल, स्पर्श, भाषा, उच्चार, आणि एका बाजूकडे दुर्लक्ष होतंय का हे पाहणं. एकूण ० ते ४२. हात दहा सेकंद, पाय पाच सेकंद उचलून धरायला लावतो, मी मोठ्यानं आकडे मोजते. सवयीच्या हाताला पाच-सात मिनिटं लागतात. साधारण ४ पर्यंत सौम्य, ५ ते १५ मध्यम, २१ च्या पुढे गंभीर.

या आकड्याचं मोल रात्री दोन वाजता कळतं. मेंदूतज्ज्ञ घरी झोपलेला असतो. मी फोनवर म्हणते, "एनआयएच चौदा, शेवटचं ठीक पाहिलं साडेबाराला." तो ताडकन उठतो. तासाभरानं पुन्हा मोजलं आणि चौदाचे नऊ झाले, तर औषध लागू पडतंय. अठरा झाले तर पळा, पुन्हा सीटी. भाषण नको, वर्णन नको.

या परीक्षेचे नियम कडक आहेत. पेशंटनं जे केलं त्याचे गुण, तो काय करू शकला असता याचे नाही. पहिलं उत्तर तेच उत्तर. आणि कुणी सांगायचं नाही. आपल्या लोकांना हा शेवटचा नियम फार जड जातो. मी आजींना विचारते, "महिना कोणता?" आणि मागून मुलगा, सून, नातू तिघंही कुजबुजतात, "आई, सांग ना, सप्टेंबर!" मंडळी, कळवळ्यानं करता हे मला समजतं, पण कृपा करून गप्प बसा. तिला येत नसेल तर ते आम्हाला कळायलाच हवं.

पण भाद्रपद चुकीचा कसा?

इथून पुढे अडचण सुरू होते. पट्टी इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकन माणसासाठी बनली आहे.

सुरुवातीलाच दोन प्रश्न आहेत: महिना आणि वय. उत्तर अगदी बरोबर हवं, जवळपासच्या उत्तराला गुणाची सूट नाही. एका आजींना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाद्रपद की. गौरी परवाच नाही का गेल्या?" शंभर टक्के बरोबर! माझ्या जागी दुसरी नर्स असती तर चूक धरलं असतं. वयाची तर और तऱ्हा. आपल्याकडच्या कित्येक ज्येष्ठांचा वाढदिवस १ जून असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोच लिहिला. पासपोर्टावर चौऱ्याहत्तर, आणि आजी म्हणतात, "मला अठ्ठ्याहत्तर सरली."

उच्चार तपासायच्या कार्डावर शब्द आहेत 'हकलबेरी' आणि 'बेसबॉल प्लेअर'. वस्तू ओळखायच्या चित्रात हातमोजा, किल्ली, पीस आणि खुर्ची यांच्याबरोबर हॅमक आणि कॅक्टस आहे. प्रसंगचित्रात एक बाई भांडी पुसतेय, सिंक भरून वाहतंय आणि मागे मुलगा स्टुलावर चढून कुकी चोरतोय. आपल्या आजी ते चित्र बघून त्या बाईला चार शब्द सुनावतील, पण ते मराठीत. ऐकणाऱ्याला गुण देता येणार नाहीत.

भाषा येत नसेल तर काय करायचं, हेही नियमात आहे. महिना आणि वयाच्या प्रश्नात भाषेच्या अडचणीमुळे उत्तर मिळालं नाही, तर १ गुण द्यायचा. हुकूम पाळायला लावताना हातवारे करून दाखवले तरी चालतं. नियम वाजवी आहे. पण "भाषेची अडचण" हे ठरवायचं कुणी?

आणखी दोन फटी सांगून ठेवते. ४२पैकी ७ गुण थेट भाषेवर अवलंबून आहेत, तर एका बाजूकडे दुर्लक्ष होण्याला फक्त २. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते. म्हणून उजव्या बाजूचा तेवढाच मोठा स्ट्रोक कमी गुणांत दिसतो. आणि मेंदूच्या मागच्या भागातला, लहान मेंदूचा स्ट्रोक असेल तर अचानक तोल जातो, गरगरतं, एकाचे दोन दिसतात, उलट्या होतात. अशा माणसाचा स्कोअर कधीकधी चक्क शून्य येतो. शून्य म्हणजे स्ट्रोक नाही, असं नव्हे.

ती दुपार

आता ती गोष्ट. कुटुंबाची परवानगी आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सप्टेंबरातला दिवस. माझी पाळी तीनची. आत येऊन पिशवी ठेवते तोच पलीकडच्या खोलीतून कुणीतरी बोलत असल्याचा आवाज आला. लांबून ऐकल्यावर काळीज हललं. तो हेल आमच्याकडचा होता. कृष्णाकाठचा, वाक्याच्या शेवटी "की"वर टेकणारा. मी खूश होऊन डोकावले.

एकाहत्तर वर्षांचे काका. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. दुपारी साडेबाराला सून जेवायला घरी आली तर सासरे "कसंतरीच बोलत" होते. तिला वाटलं झोप झाली नसेल, बीपी वाढलं असेल. मुलाला बोलावून घेतलं, तो ऑफिसातून आला. मग ९११. आमच्याकडे पोचले १ वाजून ३५ मिनिटांनी.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिन्ही गोष्टी पाहिल्या होत्या. हसून दाखवल्यावर काका हसले, चेहरा सरळ. हात उचलून दाखवल्यावर त्यांनीही उचलले, दोन्ही समान. वाक्य म्हणता आलं नाही, पण "इंग्रजी येत नाही" अशी नोंद. आमच्याकडे दुभाष्याचा स्क्रीन आणला गेला, आणि "इंडियन" म्हणून हिंदीचा दुभाष्या लावला गेला. त्यानं पाच मिनिटं प्रयत्न केला आणि सांगितलं, "हे दुसरी कुठली तरी भाषा बोलताहेत, मला समजत नाही." मुलगा त्या वेळी बाहेर विम्याचे कागद शोधत होता. स्कोअर लागला १, तोही भाषेच्या अडचणीचा. सीटीत रक्तस्राव नव्हता. मग जंतुसंसर्ग आहे का, पाणी कमी पडलंय का, अशा तपासण्या सुरू झाल्या. कुणी हयगय केली नव्हती. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं.

मी जवळ गेले. "नमस्कार काका. गाव कुठलं आपलं?"

त्यांचा चेहरा उजळला. भरभरून बोलायला लागले. "अगं ते तिकडचं पाटळ करून घेतलं की, मग वाटी उगवली, तेवढ्यात त्याचं निवतं राहिलं ना, काय करणार की..." हातवारे तसेच, थांबणं तसंच, माझ्याकडे बघून मान डोलावणंही तसंच. पण शब्दांना अर्थ नव्हता. काही शब्द तर कुठल्याच भाषेत नसलेले. आपण काय बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं, आणि समोरच्याला कळत नाही हेही उमगत नव्हतं. मी म्हटलं, "काका, डोळे मिटा." मी हातवारा केला नव्हता. ते तसेच बोलत राहिले.

मी बाहेर येऊन डॉक्टरांना म्हटलं, "हे मराठी नाही. ही कुठलीच भाषा नाही."

मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर-मागे, बोलणं समजून घेण्याची जागा असते. तिथला रक्तपुरवठा तुटला की माणूस अडखळत नाही. तो अस्खलित बोलतो, फक्त अर्थ नाहीसा होतो. हात-पाय शाबूत असू शकतात. ज्याला भाषा येत नाही त्याला ही परकी भाषाच वाटणार. ज्याला येते त्याला दोन वाक्यांत कळतं.

ते तीन वाजून पाच मिनिटं झालेली. पुन्हा स्कोअर केला: महिना-वय २, हुकूम १, भाषा २, उजवीकडचं थोडं दिसत नव्हतं त्याचा १. एकाचे सहा झाले. मोठ्या पडद्यावर मेंदूतज्ज्ञ आले. त्यांचा पहिला प्रश्न नेहमीचा: शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं? मुलगा म्हणाला, सकाळी साडेसातला, मी कामावर निघालो तेव्हा. म्हणजे साडेचार तास बाराच वाजता संपले होते. तज्ज्ञांनी मान हलवली.

मला एकदम सुचलं. म्हटलं, "काकांचा फोन कुठाय? सकाळी भारतात कुणाशी बोलतात का?" फोन काकांच्या सदऱ्याच्या खिशातच होता. व्हॉट्सॲपवर नोंद होती: बहिणीशी बोलणं, १० वाजून ५२ मिनिटांनी सुरू, २८ मिनिटं. मुलानं तिथल्या तिथे आत्याला फोन लावला. तिकडे रात्रीचा पाऊण वाजलेला. आत्या झोपेतून उठून म्हणाल्या, "अरे चांगले बोलले की दादा! उसाच्या बिलाचं बोललो, तुझ्या प्रमोशनचं सांगितलं. फोन ठेवताना म्हणाले, आता डाळ टाकतो कुकरला." म्हणजे ११ वाजून २० मिनिटांपर्यंत काका ठीक होते. मुदत ३ वाजून ५० मिनिटांना संपत होती.

पुन्हा सीटी, रक्तवाहिन्यांचं चित्र. गुठळी एका लहान फांदीत, नळी घालून काढण्याजोगी नव्हती. औषध हाच मार्ग. शंभरातल्या सहा जणांना रक्तस्राव होतो, हे मुलाला मराठीत मी समजावलं. तो दोन सेकंद बापाकडे बघत राहिला आणि "द्या" म्हणाला. ३ वाजून ३८ मिनिटांनी औषध शिरेत गेलं. बारा मिनिटं उरली होती.

काका बऱ्यापैकी सावरले. सगळे नाही. चमच्याला कधी किल्ली म्हणतात, नातवंडांच्या नावांची अदलाबदल करतात आणि मग स्वतःच वैतागतात. पण बहिणीशी रोज बोलतात.

त्या रात्री गाडी घराखाली लावून मी बराच वेळ तशीच बसून होते. आनंद होता, पण दुसरंही काहीतरी होतं. आपल्या भागात नेपाळी बोलणारे पुष्कळ आहेत, स्पॅनिश बोलणारे आहेत, अरबी आहेत. एकोणीस वर्षांत "भाषेची अडचण" म्हणून १ गुण मी स्वतः किती जणांना दिला असेल? त्यातल्या किती जणांची ती भाषाच नसेल? काकांच्या वेळी मी पाळीवर आले. त्यांच्यासाठी कोण आलं असेल?

तेव्हापासून मी एक प्रश्न कधी चुकवत नाही. मला भाषा येत नसली तरी घरच्या माणसाला, दुभाष्यामार्फत किंवा फोनवरून, विचारते: "हे नेहमी असंच बोलतात का? यांनी आत्ता काय म्हटलं त्याचा अर्थ सांगा." अर्थ सांगता आला नाही, की मी स्ट्रोकची घंटा वाजवते. पट्टी आजचा माणूस मोजते. कालचा माणूस कसा होता, हे फक्त घरच्यांना ठाऊक असतं.

तुमच्या हातात काय आहे

आता काकूंच्या प्रश्नाचं उत्तर. कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

घरात कुणाला अचानक काही वेगळं वाटलं, तर तीन गोष्टी मराठीतच करा. "दात दाखवा." "डोळे मिटून दोन्ही हात समोर धरा." "म्हणा, उद्या सकाळी लवकर उठायचं आहे." सोबत अचानक तोल जाणं, दिसेनासं होणं किंवा एकाचे दोन दिसणंही लक्षात ठेवा. एक जरी बिघडलं, तरी ९११. थोडं पडा, बरं वाटेल, असं म्हणू नका. साखर फार उतरली तरी हुबेहूब असंच दिसू शकतं, पण ते गाडीतली माणसं सुई टोचून मिनिटात बघतात. तुम्ही ठरवू नका. स्वतः गाडी चालवतही आणू नका. ॲम्ब्युलन्स वाटेतूनच आम्हाला कळवते आणि आम्ही सीटी मोकळा करून ठेवतो.

घड्याळ बघा आणि वेळ लिहा. किती वाजता दिसलं ते तर लिहाच, पण त्याआधी शेवटचं व्यवस्थित कधी होते तेही लिहा. दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या आई-वडिलांच्या बाबतीत ते फोनच्या नोंदीत सापडू शकतं, म्हणून त्यांचा फोन सोबत घ्या.

तोंडात काही घालू नका. पाणी नको, गोळी नको, ॲस्पिरिन तर नकोच. स्ट्रोक रक्तस्रावाचाही असू शकतो, आणि गिळणं बिघडलेलं असेल तर पाणी फुप्फुसात जातं.

औषधांची यादी आजच करून ठेवा, आणि गोळीच्या भारतातल्या ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नाव लिहा. भारतातली ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे आम्हाला सगळ्यात आधी हवं असतं.

रुग्णालयात "मराठी" असं स्पष्ट सांगा, "इंडियन" नाही. मराठी दुभाष्या मागा. आणि एक वाक्य लक्षात ठेवा, काळजी वाटली तर ते पुन्हा पुन्हा म्हणा: "हे त्यांचं नेहमीचं बोलणं नाही."

पैशांचं बोलायलाच हवं, कारण ९११ला फोन करताना आपले हात तिथेच थबकतात. पाहुण्यांच्या विम्यात काय बसेल, काय नाही, ही धास्ती मला माहीत आहे. १९८६च्या कायद्याप्रमाणे इथल्या इमर्जन्सी विभागाला पैसे आहेत की नाहीत हे न बघता तपासून स्थिर करावंच लागतं. बिल येतं, मोठं येतं, ते मी नाकारत नाही. पण बिलाबद्दल नंतर बोलता येतं, हप्ते पाडता येतात. मेंदूचं तसं नाही.

शेवटी, ज्यांचे आई-वडील तिकडेच आहेत त्यांच्यासाठी. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बोलणं जड वाटलं, तोंड तिरकं दिसलं, तर या तीन गोष्टी तिथल्या तिथे करून घ्या. महाराष्ट्रात १०८. शेजाऱ्यांचा नंबर आपल्या फोनमध्ये असू द्या. माझ्या फोनमध्ये आमच्या गावातल्या चार घरांचे आहेत.

काकूंचे व्याही-विहीणबाई यंदाही येणार आहेत म्हणे. काकू, तुमच्यासाठी हा कागद मी मोठ्या अक्षरात छापून आणते आहे. फराळाच्या रांगेत भेटूच. सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.